कुणाकडं आलायसा, पावणं?

कोल्हापुरात 'पावणं' म्हणजे सोयरे. जावई, व्याही, ज्यांच्यासाठी मटणाचा बेत होतो ती माणसं. आणि पावणं म्हणजे कुणीही. रिक्षात बसलेला, पत्ता विचारणारा, ज्याचं नाव माहीत नाही असा कुठलाही माणूस. या गावात मी बरीच वर्षं पहिल्या अर्थाने आलो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासऱ्यांनी फाटकापर्यंत येऊन "या पावणं" म्हटलं होतं आणि माझ्या हातातली बॅगसुद्धा मला धरू दिली नव्हती. घटस्फोटानंतर मी इथे राहायलाच आलो, तो दुसऱ्या अर्थाने. स्टँडवर उतरल्याउतरल्या रिक्षावाल्याने विचारलं, "कुठं जायाचं पावणं? कुणाकडं आलायसा?" मी म्हटलं, कामासाठी आलोय. ते खोटं होतं. काम मी कुठेही बसून करू शकलो असतो.

मी आलो होतो मुलीसाठी. आम्ही वेगळे झालो तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिची आई तिला घेऊन कसबा बावड्याला माहेरी आली आणि इथल्याच एका शाळेत शिकवायला लागली. मुलगी आईकडे राहील आणि रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्याकडे, असं ठरलं. काही महिने मी पुण्याहून ये-जा केली. हायवेचं काम संपायचं नाव घेत नव्हतं, आणि ऑफिसचंही. दोन रविवार हुकले. दुसऱ्या वेळी तिच्या आईचा फोन आला.

"ती सकाळपासून आवरून पायरीवर बसते," ती म्हणाली. "तू आला नाहीस की दिवसभर बोलत नाही कुणाशी. तुला जमत नसेल तर महिन्यातून एकदाच ठेवू. निदान तिला वाट तरी बघायला लागणार नाही."

ती भांडत नव्हती, हेच मला जास्त लागलं. महिन्यातून एकदा म्हणजे पुढे दिवाळी आणि मे महिना, आणि त्याच्याही पुढे वाढदिवसाचा फोन, हे मला तिथल्या तिथे दिसलं. मी घाबरलो. आठवड्याभरात ऑफिसकडून घरून काम करायची परवानगी घेतली आणि कोल्हापुरात खोली शोधायला आलो.

खोली बघायला आलो तो सोमवार होता, आणि तिथेच मी फसलो. उद्यमनगरातली गल्ली, खाली कसलंसं शटर बंद, वर एक खोली, छोटं स्वयंपाकघर, पुढे लोखंडी कठड्याची गॅलरी. पान हललं तरी ऐकू येईल अशी शांतता. एजंट म्हणाला, "साहेब, तुमच्या कामाला अशीच जागा पायजे." मी तिथेच हो म्हटलं. मंगळवारी सकाळी सामान घेऊन आलो तर शटर उघडं होतं, आत लोखंड कातणारे तीन लेथ चालू होते, समोर वेल्डिंग, पलीकडे कुठेतरी पत्र्यावर हातोडा. उद्यमनगराची सुट्टी सोमवारी असते हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. चुका शोधणं हा माझा धंदा. विमा कंपन्यांसाठी आम्ही जे सॉफ्टवेअर बनवतो ते तपासून त्यात काय बिघडलंय हे सांगण्याचा मला पगार मिळतो. आणि मी खोली घेतली ती सोमवारी बघून!

खालच्या वर्कशॉपचे मालक साठीच्या आसपासचे होते. गल्ली त्यांना चाचा म्हणायची. दाढी पांढरी, शर्टाच्या खिशात कायम मोजपट्टी. माझं तोंड बघून त्यांना सगळं कळलं असावं.

"आवाजाचा तरास व्हनार बघा, पावणं," ते म्हणाले. "पर सवं हुतीया. आमच्या घरात मशीन बंद झालं की पोरं उठून बसायची."

"सवय होईल," मी म्हटलं.

"काम काय करतासा?"

"कॉम्प्युटरवर. घरूनच."

"म्हंजे हापिसला जातच न्हाईसा?" त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. "मग बोलतासा कुणासंगट?"

त्यांच्या बाजूने तो साधा प्रश्न होता. मी हसलो आणि जिना चढलो.

बोलत मी दिवसभर असायचो, तसं म्हटलं तर. सकाळी दहाला मीटिंग, दुपारी मीटिंग, अधूनमधून कुणाचातरी कॉल. पण लेथमुळे माझा माइक सतत बंद. टीममध्ये मी 'म्यूट' म्हणूनच प्रसिद्ध झालो. माझ्या बोलण्याची वेळ आली की मी माइक चालू करायचो, खालचा सगळा कारखाना दोन वाक्यांपुरता बंगळुरू आणि नोएडाला ऐकू जायचा, आणि लगेच कुणीतरी म्हणायचं, प्लीज म्यूट. महत्त्वाचं काही बोलायचं असेल तर मी ते सोमवारी ठेवायचो, नाहीतर शुक्रवारी दुपारी. शुक्रवारी चाचा नमाजाला जात, तेवढा वेळ खाली सगळं थांबलेलं असे. आमच्या साहेबांना वाटायचं, मला सोमवारचा फार उत्साह आहे.

पण सोमवारच मला सगळ्यांत जड जायचा. रविवारी संध्याकाळी मुलीला सोडून आलेलं असायचं, गल्ली मेल्यासारखी गप्प, बाजारातली दुकानंही बंद. सगळं गाव आपापल्या माणसांत, आणि मी हेडफोन लावून खिडकीशी. शनिवारी मला सुट्टी असायची तेव्हा गाव कामात. रोज संध्याकाळी मी गंगावेशीत जायचो. तिथे अजून म्हशी आणून तुमच्यासमोर धार काढून देतात. कट्ट्यावर तालमीतली पोरं, म्हातारे, कुणी नातवाला घेऊन आलेले. सगळे एकमेकांच्या नावाने ओरडत असतात. ग्लास माझ्या हातात देताना दूधवाला रोज तेच विचारी, "कुठलं म्हणायचं पावणं?" मी रोज तेच सांगे, पुण्याचं. त्याच्या लक्षात काही राहत नसे. फेस अजून गरम असलेलं ते दूध मी उभ्याउभ्या पिऊन टाकायचो, कारण कट्ट्यावर बसलो तर कुणाशेजारी बसायचं हा प्रश्न होता. खानावळीत तर पोऱ्या ताट मांडायच्या आधी माझ्या पाठीमागे बघायचा, आणखी कोण येतंय का ते. "एकच ताट?" "एकच." मग रस्सा मात्र तो दोन माणसांचा वाढायचा. हळूहळू मी खोलीवरच खिचडी टाकायला लागलो.

उरला रविवार. सकाळी मी सेकंडहॅंड घेतलेल्या स्कूटरवरून बावड्याला जायचो. सासरे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. ते अंगणात पेपर वाचत असत. मला बघून पेपर खाली ठेवत आणि म्हणत, "या पावणं."

हे 'पावणं' कुठलं, याचा मी फार विचार केला. आवाज तोच, पहिल्या दिवाळीचा. पण माझी बॅग घेणारा तो माणूस आता फाटकाशी येत नव्हता, खुर्चीतच राहत होता. मग वाटे, गुडघे दुखत असतील. पुढच्या रविवारी मी त्यांचे गुडघे बघत बसे. पूर्वी मी त्यांना मामा म्हणायचो. आता म्हणायचं का, हे ठरत नव्हतं म्हणून मी त्यांना काहीच म्हणत नसे. "च्या घेऊन जावा" असं ते प्रत्येक वेळी म्हणत आणि मी प्रत्येक वेळी "नको, उशीर होतोय" म्हणे. मला कुठलाही उशीर होत नव्हता.

मुलगी तयार असायची. वेणीला रिबिनी, पाठीवर छोटी सॅक, सॅकमध्ये पाण्याची बाटली, रुमाल, रंगीत पेन्सिलींचा डबा. खोलीवर उकाडा आणि धडधड, म्हणून मी तिला बाहेर बाहेरच फिरवायचो. रंकाळा, भेळ, बाग, म्युझियम, कळंब्याचा तलाव, पुन्हा रंकाळा. मी भरभरून विचारायचो आणि ती नीट उत्तरं द्यायची. आइस्क्रीम हवंय? "नको, मी खाऊन आले आहे." तहान लागली? "माझ्याकडे पाणी आहे." तिचं ते 'आहे' माझ्या कानाला बोचायचं. बावड्याच्या अंगणात मी तिला मांजराच्या मागे पळताना ऐकलं होतं: "ए, हिकडं ये की! कुठं चाललंयस?" तिथे तिची भाषा हाय-न्हायची, मोकळी, मोठ्या आवाजातली. माझ्याशी मात्र पुस्तकातली. घरी पाहुणे आले की मुलं जशी शहाण्यासारखी वागतात, तशी ती माझ्याशी वागत होती. संध्याकाळी फाटकाशी उतरली की सॅकमधलं सगळं आहे ना ते बघायची. एकही वस्तू तिने कधी माझ्याकडे विसरली नाही. मला वाटायचं, एखादी तरी विसरावी.

मग तो रविवार आला. आमच्या कामाचा एक मोठा टप्पा त्या दिवशी ग्राहकाच्या हवाली करायचा होता, आणि साहेबांनी शुक्रवारी सांगितलं की रविवारी सगळ्यांनी दिवसभर कॉलवर पाहिजे. मी म्हटलं, रविवारी मला शक्य नाही. ते म्हणाले, "तू तर घरीच असतोस." कारण सांगावं असं मनात आलं, पण या लोकांना मी घटस्फोटाचं सांगितलं नव्हतं, मुलीचंही नाही. म्यूट माणसाला कोण काय विचारणार? नाही म्हणालो असतो तर नोकरी गेली नसती कदाचित, पण घरून काम करायची परवानगी नक्की गेली असती, आणि परवानगीबरोबर कोल्हापूरही. रविवार हुकवला असता तर महिन्यातून एकदाची बोलणी पुन्हा निघाली असती. शनिवारभर मी बावड्याला फोन करायला मोबाइल उचलत होतो आणि ठेवत होतो. शेवटी केलाच नाही. रविवारी सकाळी गेलो, तिला स्कूटरवर बसवलं आणि रंकाळ्याऐवजी उद्यमनगरात आणलं.

"आज बाबाला काम आहे," मी तिला जिन्यात म्हटलं. "तू इथे चित्रं काढ, चालेल? कंटाळा आला तर सांग."

"चालेल," ती म्हणाली, पाहुण्यांशी बोलावं तसंच.

तिला आत पलंगावर बसवून मी लॅपटॉप उघडला. खाली तिन्ही लेथ जोरात. तासभर ती चित्र काढत होती. मग गॅलरीत गेली. मग पायरीवर. कॉलवर एकामागून एक चुका निघत होत्या आणि मी नोंदवत होतो. मधेच मान वर केली तर गॅलरी रिकामी. मी हेडफोन एका कानावरून सरकवला आणि खुर्ची तशीच दाराकडे ओढली. खाली लेथ बंद झाले होते, जेवणाची सुट्टी असावी. वाकून बघितलं. ती वर्कशॉपच्या दारातल्या लाकडी खोक्यावर बसली होती, हातात बशी, बशीत चहा. चाचा शेजारी डबा उघडून बसले होते.

"त्या किसाला हात लावू नगं हां बाळ, कापतंय," ते म्हणाले. लेथवरून निघालेला लोखंडाचा किस तिथे ढिगाने पडलेला असतो.

"न्हाय लावत," ती म्हणाली.

नेमकं तेव्हाच साहेबांनी मला काहीतरी विचारलं. मी माइक चालू केला आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात चाचांनी तिला विचारलं, जे या गावाने मला रोज विचारलं होतं.

"कुणाकडं आलीयास गं? पावणी व्हय?"

मी थांबलो. साहेब दोनदा हॅलो म्हणाले. मला ते ऐकू येत होतं, पण मी खालचं ऐकत होतो. ती काय म्हणेल? 'त्यांच्याकडे' म्हणेल? नुसतं वर बोट दाखवेल? खरं सांगतो, त्या क्षणी ग्राहक, साहेब, परवानगी, कशाशीही मला देणंघेणं नव्हतं.

"पावणी न्हाय काय!" ती एकदम मोठ्यांदा म्हणाली, मांजराला ओरडते त्या आवाजात. "वर माझं बाबा ऱ्हात्यात. दर ऐतवारी जातो आमी दोघं फिरायला. आज त्यास्नी काम हाय म्हणून हितं बसलोय."

"आगं, ते पुन्याचं पावणं तुझं बाबा व्हय?" चाचा म्हणाले. "कदी बोललं न्हाईत ते."

"त्यास्नी बोलायला लई येळ लागतो," ती म्हणाली.

माइक चालूच होता. मग साहेब हिंदीत म्हणाले, पाठीमागे कोण बोलतंय?

"माझी मुलगी," मी म्हटलं. "रविवारी येते ती माझ्याकडे. मी तिच्यासाठीच राहतो इथे."

जिच्याबरोबर मी तीन वर्षं काम करत होतो ती नोएडाची सहकारी म्हणाली, "तुला मुलगी आहे?" मी म्हटलं, आहे. साहेब म्हणाले, तासभर जेवून ये, मग बघू. रागावून म्हणाले की समजून, ते अजून मला सांगता येणार नाही. मी लॅपटॉप मिटला.

खाली गेलो तर चाचांनी दुसरं खोकं पुढे सरकवलं. डब्यात भाकरी आणि मटणाचं सुकं होतं. ते म्हणाले, घ्या. मी नको म्हणणार होतो, सवयीने. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी घेतलं. ती पण माझ्या हातातली अर्धी भाकरी तोडून खायला लागली, सकाळी खाऊन आलेली असूनही.

दुपारी पुन्हा काम झालं. ती आत झोपली, उठली, मला पाणी आणून दिलं, लॅपटॉपमध्ये डोकावून "ह्यात चूक कुठं हाय?" असं विचारत राहिली. 'हाय' म्हणाली. मी दाखवत होतो आणि ती त्याहून मोठी चूक शोधल्याच्या थाटात दुसरीकडेच बोट ठेवत होती. संध्याकाळी निघताना तिने सॅक भरली. रुमाल, बाटली. पेन्सिलींचा डबा खिडकीतच राहिला होता. मी तो उचलून तिच्याकडे धरला.

"ऱ्हाऊ दे की हितंच," ती म्हणाली. "परत कशाला आणायचा?"

मी डबा होता तिथे ठेवला. जिना उतरताना मला पायऱ्या नीट दिसत नव्हत्या.

बावड्याला सासरे खुर्चीत होते. "या पावणं, च्या घेऊन जावा," म्हणाले. मी बसलो. ते जरा चपापले, मग आत बघून चहाला ओरडले. चहा तिच्या आईने आणला. मुलगी तोवर आजीला लेथचं सांगत होती, मोठमोठ्याने. तिची आई मला म्हणाली, "पुढच्या रविवारी तुझ्या खोलीवरच जायचं म्हणतेय ती. तिथं ठीक आहे ना सगळं? पंखा वगैरे?" महिन्यातून एकदाचं ती काही बोलली नाही. मी म्हटलं, पंखा आहे, एक खुर्ची घ्यायला लागेल. आमचं एवढंच बोलणं झालं. निघताना सासऱ्यांना म्हटलं, "येतो मामा." त्यांनी मान हलवली. हे बरोबर होतं की चूक, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. गल्ली गप्प, शटर बंद. मी हेडफोन लावून खिडकीशी बसलो होतो आणि शेजारी पेन्सिलींचा डबा होता. दुपारी मी तो उघडला. पिवळी पेन्सिल संपत आली होती. रविवारला अजून सगळा आठवडा होता. पूर्वी वाटायचं तेवढंच एकटं वाटत होतं, त्यात काही फरक पडला नव्हता.

मंगळवारी सकाळी शटर वर गेल्याचा आवाज आला. लेथ अजून सुरू व्हायचे होते. मी चहा टाकत होतो. खालून चाचा कुणाला तरी हाका मारत होते.

"ओ पोरीचं बाबा!"

मी दूध ओतलं. समोरच्या वेल्डिंगवाल्यालाही मुलगीच आहे.

"आवो पोरीचं बाबा, च्या प्यायला येतासा का?"

साखर सापडत नव्हती. मी डबे उघडून बघत होतो.

तिसऱ्यांदा त्यांनी जिन्याच्या कठड्यावर पाना आपटला आणि हाक मारली, तेव्हा मी गॅस बंद करून गॅलरीत आलो आणि ओ दिली.